मातृभाषेतली माता

‘मातृभाषा’ या शब्दाइतका हाताळून गुळगुळीत झालेला दुसरा शब्द आपल्याकडे क्वचितच सापडेल. तो उच्चारला की वक्त्याचा स्वर आपोआप चढतो, श्रोत्यांच्या माना डोलू लागतात, आणि त्या शब्दाच्या पोटात काय आहे हे पाहण्याची कोणालाच गरज भासत नाही. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा हा शब्द आपण सर्वांनीच पुष्कळदा ऐकला. मातृभाषा जन्मतःच मिळते, ती रक्तात असते, माणसाचा ‘मी’ तिच्यातच घडतो, आणि परकी भाषा कितीही शिकली तरी ती अंगरख्यासारखी वरून घातलेली राहते, अशी चार विधाने आपण एका दमात करून मोकळे होतो. ती खरी आहेत की नाहीत हे तपासायचे असेल, तर आपल्याच अंगणात उभे राहून ते साधणार नाही. कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत आई, घर, गाव आणि लिपी ही सारी एकाच दिशेला तोंड करून उभी असतात. जेथे ती एकमेकांकडे पाठ फिरवून उभी राहिली, तेथेच या विधानांचा कस लागतो. विसाव्या शतकातील जर्मन साहित्य ही अशी एक जागा आहे. तेथील चारपाच लेखकांच्या आधाराने ‘मातृभाषा’ या शब्दाची थोडी झडती घ्यावी, असा या लेखाचा हेतू आहे.

जर्मन भाषा मराठी वाचकाला अगदीच अनोळखी नाही. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्समुल्लर भवनात तिचे धडे गिरवलेला माणूस आपल्या प्रत्येकाच्या नात्यागोत्यात एखादा तरी निघतोच. युरोपीय मोजपट्टीप्रमाणे या अभ्यासाच्या सहा पायऱ्या असतात. खालच्या पायऱ्यांवर विद्यार्थी रेल्वेचे तिकीट काढतो, पाव विकत घेतो, घरमालकाशी भाड्याची बोलणी करतो. तेथे त्याला स्वतःविषयी जे सांगावे लागते ते नाव, गाव आणि व्यवसाय यांच्यापलीकडे जात नाही. वरच्या पायऱ्यांवर मात्र प्रश्नांचा रोख बदलतो. भाषा बदलली की माणूस बदलतो काय, घर म्हणजे नेमके काय, आपण स्वप्ने कोणत्या भाषेत पाहतो, असे विषय पुढे ठेवून त्यांवर निबंध लिहायला सांगितले जाते. व्याकरण एव्हाना अंगवळणी पडलेले असते. मराठी माणसाला ते तसे फारसे जाचतही नाही. आपल्यासारखीच तेथे तीन लिंगे आहेत. गौण वाक्यात क्रियापद आपल्यासारखेच शेवटी जाऊन बसते. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांचा भेद तेथेही पाळतात, आणि ‘बाबा आले’ म्हणताना आपण जसे एका माणसासाठी अनेकवचन वापरतो, तसेच जर्मन माणूसही समोरच्याला मान देताना ‘ते’ याच अर्थाचे अनेकवचनी सर्वनाम वापरतो. अडचण येते ती याच्या पुढे. शब्द आहेत, प्रत्यय बिनचूक आहेत, पण त्या वाक्यांतून बोलणारा ‘मी’ आपल्याला आपलासा वाटत नाही. तो घरच्या ‘मी’पेक्षा जास्त सभ्य असतो, कमी विनोदी असतो, आणि त्याला बालपण नसते.

हे बालपण नसणे मला फार महत्त्वाचे वाटते. ‘आयडेंटिटी’ या अर्थी जर्मनमध्ये जो शब्द आहे तो लॅटिनमधल्या ‘तोच’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. आज, उद्या, परवा माणूस ‘तोच’ राहणे हा त्याचा गाभा. आपण या अर्थी अलीकडे ‘ओळख’ हा शब्द वापरू लागलो आहो. पण मराठीत ‘ओळख’ ही एकट्याची गोष्ट नाही. ओळख होते, करून दिली जाते, पटते, आणि विसरलीही जाते. ओळख म्हटली की दोन माणसे आलीच. मला वाटते, भाषा आणि ‘मी’ यांच्या नात्याचे वर्णन करायला हा मराठी शब्द अधिक योग्य आहे. भाषा आपल्याला आपलेपण देते ते कोणीतरी आपल्याला त्या भाषेत ओळखले असते म्हणून. ही माझी समजूत खरी की खोटी, हे आता त्या लेखकांनाच विचारावे.

आरंभ फ्रान्झ काफ्कापासून करणे बरे. काफ्का प्रागचा. शहरातल्या बहुसंख्य लोकांची भाषा चेक, आणि काफ्काच्या शाळेची व लेखनाची भाषा जर्मन. त्याच्याइतके स्वच्छ, नितळ जर्मन गद्य फार थोड्यांनी लिहिले आहे. अशा लेखकाने १९११ साली आपल्या रोजनिशीत एक विलक्षण नोंद केली. आपल्या आईवर आपण तिच्या योग्यतेइतके प्रेम नेहमी करू शकलो नाही, याला ही जर्मन भाषाच आड आली, असे तो म्हणतो. जर्मनमधला ‘मुटर’ हा आईसाठीचा शब्द ज्यू घरातल्या आईला नीट बसत नाही. त्या शब्दाने हाक मारली की आई थोडी परकी, थोडी हास्यास्पद होते, असा त्याचा अनुभव. येथे भाषा परकी नाही. तिच्यात तो जन्मापासून वावरला आहे. परका आहे तो एकच शब्द, आणि तोही नेमका आईचा! ज्या भाषेत आईला धड हाक मारता येत नाही तिला मातृभाषा म्हणायचे काय? काफ्काने हा प्रश्न सोडवला नाही. तो प्रश्न घेऊनच तो जन्मभर लिहीत राहिला, आणि त्याच्या गद्यात आपल्याला जो एक थंड, सावध अलिप्तपणा जाणवतो, त्याचे एक मूळ या जागी असावे असे मला वाटते.

एलियास कानेटीची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. १९०५ साली बल्गेरियात, डॅन्यूबकाठच्या रुसे या गावी त्याचा जन्म झाला. १४९२ साली स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंच्या वंशातले हे कुटुंब. चारशे वर्षे उलटली तरी घरात जुनी स्पॅनिशच चालत असे. मोलकरणी बल्गेरियन बोलत. आईवडील मात्र आपापसात, मुलांना कळू नये म्हणून, जर्मन बोलत. दोघांचे शिक्षण व्हिएन्नात झालेले, दोघांनाही नाटकाचे वेड, आणि दोघांचे प्रेम याच भाषेत फुललेले. दाराआडून ऐकू येणारे ते शब्द लहानग्या एलियासला मंत्रांसारखे वाटत. एकटा असताना अर्थ न कळताच तो त्यांचे सूर घोटीत बसे. पुढे कुटुंब मँचेस्टरला गेले, आणि तेथे १९१२ साली वडील अकस्मात वारले. १९१३ च्या उन्हाळ्यात, व्हिएन्नाला जाता जाता, लोझान येथे आईने आठ वर्षांच्या मुलाला जर्मन शिकवायला घेतले.

हे शिकवणे ज्या रीतीने झाले तो ‘डी गेरेटेटे त्सुंगे’, म्हणजे ‘वाचलेली जीभ’, या १९७७ सालच्या आत्मचरित्रातला सर्वांत प्रभावी भाग आहे. आई पुस्तक स्वतःच्या हातात ठेवी, मुलाला ते पाहू देत नसे. एक वाक्य म्हणे, उच्चार मनासारखा होईपर्यंत त्याच्याकडून म्हणवून घेई, अर्थ एकदाच सांगे, आणि दुसऱ्या दिवशी परीक्षा घेई. चुकले की उपहास. मुलगा फिरायला गेला तरी वाक्येच पुटपुटत राही. शेवटी सांभाळणाऱ्या बाईने मध्यस्थी केली, पुस्तक त्याच्या हाती आले, आणि त्याची सुटका झाली. आईच्या या कठोरपणाचे कारण कानेटीला पुढे उमगले. नवऱ्याबरोबर तिची प्रेमाची भाषाच मेली होती. ती बोलायला तिला घरात कोणीतरी हवे होते, आणि ती जागा भरण्यासाठी तिने मुलाला घाईघाईने तयार केले.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. कानेटी जर्मनला आपली उशिरा मिळालेली, यातना देऊन रुजवलेली मातृभाषा म्हणतो. पण ही त्याच्या आईची मातृभाषा नव्हे. आईची मातृभाषा ती जुनी स्पॅनिश. म्हणजे जी भाषा आईनेही शिकून मिळवली होती, ती मुलाची मातृभाषा झाली. का? तर ती आईच्या तोंडून आली म्हणून, आईला तिची निकड होती म्हणून, आणि तिच्यात तो आईला पसंत पडला किंवा न पडला म्हणून. याहून विलक्षण गोष्ट अशी की, बल्गेरियन मोलकरणींकडून ऐकलेल्या परीकथा कानेटीला पुढे आठवत राहिल्या त्या जर्मनमध्ये. हे भाषांतर आपल्या मनात केव्हा आणि कसे झाले हे आपल्याला सांगता येत नाही, असे तो म्हणतो. वर मी म्हटले की शिकलेल्या भाषेतल्या ‘मी’ला बालपण नसते. कानेटीच्या नव्या भाषेने मागे जाऊन त्याचे बालपणही आपलेसे केले!

कानेटीच्या पुस्तकाचे मला कौतुक आहे, पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायला मात्र मी तयार नाही. लोझानचे ते दिवस आणि पुस्तकाचे प्रकाशन यांत चौसष्ट वर्षांचे अंतर आहे. ही कथा ज्या भाषेच्या विजयाची आहे त्याच भाषेत ती लिहिली आहे. हरलेल्या भाषांना, त्या जुन्या स्पॅनिशला आणि त्या बल्गेरियनला, येथे साक्ष द्यायला कोणी बोलावलेले नाही. शिवाय कथनाला एक अतिशय रेखीव घाट आला आहे. छळ, मध्यस्थी, सुटका, आणि मग आयुष्यभराचे प्रेम. जगणे इतके रेखीव नसते. १९८१ सालचे नोबेल पारितोषिक या लेखकाला मिळाले ते योग्यच झाले, परंतु आठवणींना असा आकार देणारा लेखक आणि त्या टेबलाशी भीतीने बसलेला मुलगा हे दोघे एकच आहेत असे समजण्याची घाई वाचकाने करू नये. तरीही एक गोष्ट उरतेच. १९३८ साली नाझींच्या भयाने व्हिएन्ना सोडल्यावर कानेटी अनेक दशके लंडनला राहिला, इंग्रजी त्याला उत्तम येत होती, आणि तरी तो जर्मनमध्येच लिहीत राहिला. आपण ज्यू आहोत म्हणूनच आपल्या मनाची भाषा जर्मन राहील, असे त्याने ऐन युद्धकाळात टिपून ठेवले. यातला बाणेदारपणा कोणालाही पटावा. ज्यांनी त्याला देशातून घालवले त्यांच्या स्वाधीन ही भाषा करायला तो तयार नव्हता.

पण त्या भाषेचे त्या काळात काय झाले होते? याचे उत्तर व्हिक्टर क्लेम्परर या ड्रेस्डेनच्या प्राध्यापकाने दिले. जन्माने ज्यू म्हणून १९३५ साली त्याची नोकरी गेली. पुढे ग्रंथालयाची दारे बंद झाली, घरही सोडावे लागले. पत्नी ज्यू नसल्यामुळे तो छळछावणीपासून बचावला. हाती दुसरे काही उरले नाही तेव्हा त्याने आजूबाजूला बोलली जाणारी भाषाच अभ्यासाला घेतली. घोषणा, मृत्यूच्या जाहिराती, शेजाऱ्यांचे बोलणे, सारे तो रोजनिशीत टिपून ठेवी. त्यातून १९४७ साली ‘एल्‌टीआय’ हे तिसऱ्या राइशच्या भाषेवरचे पुस्तक सिद्ध झाले. ‘माथेफिरू’ या अर्थाचा, एके काळी निंदेचा असलेला शब्द नाझींनी स्तुतीचा कसा करून टाकला, हे त्याने दाखवले. आणि छळ करणारे आणि छळ सोसणारे असे दोघेही नकळत तीच भाषा बोलू लागले होते, हेही त्याने निर्भयपणे नोंदवले. मातृभाषा रक्तात असते असे म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक अवश्य वाचावे. विष भिनते तेही त्याच वाटेने, हे त्यातून कळते.

क्लेम्पररचा हा पुरावा डोळ्यांपुढे ठेवला म्हणजेच पाउल त्सेलानच्या कवितेचे मोल समजते. १९२० साली चेर्नोव्हित्झ येथे त्याचा जन्म झाला. हे शहर १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, त्याच्या जन्माच्या वेळी रुमानियात होते, आणि आज ते युक्रेनमध्ये आहे. वडिलांचा ओढा हिब्रूकडे. घरात शुद्ध, सुसंस्कृत जर्मनच बोलली पाहिजे हा आग्रह आईचा. जर्मन कवींची गोडी तिनेच त्याला लावली. १९४२ साली आईवडिलांना धरून नेण्यात आले. वडील छावणीत दगावले, आईला गोळी घालण्यात आली. ज्या भाषेत आईने अंगाई म्हटली, त्याच भाषेत तिच्या मृत्यूचा हुकूम सुटला. यावर टीकाकाराने काही भाष्य करणे मला अप्रशस्त वाटते. पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्सेलानला अनेक भाषा येत होत्या. रुमानियनमध्ये लिहिण्याचा मार्ग त्याला मोकळा होता. १९४८ पासून तो पॅरिसला राहिला, फ्रेंच स्त्रीशी त्याने विवाह केला, घरची भाषा फ्रेंच झाली. तरीसुद्धा कविता लिहिली ती जर्मनमध्येच. आरंभीच्या एका कवितेत तो मेलेल्या आईलाच विचारतो की, हे जर्मन यमक तुला अजून सहन होते काय. त्याची सारी पुढची कविता या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात गेली, असे म्हटले तरी चालेल.

१९६४ साली हाना आरेंट या विदुषीला दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत विचारण्यात आले की, जुन्या युरोपातले तुमच्यापाशी काय उरले? मातृभाषा उरली, असे तिने उत्तर दिले, आणि वेडी झाली ती काही जर्मन भाषा नव्हे, असे पुस्तीही जोडली. हे उत्तर मनाला दिलासा देणारे आहे, आणि म्हणूनच मला ते अपुरे वाटते. त्सेलानने १९५८ साली ब्रेमेनचे पारितोषिक स्वीकारताना केलेले भाषण अधिक खरे आहे. सगळे गमावले तरी भाषा हाती उरली, हे तोही म्हणतो, परंतु ती भयंकर मौनातून आणि स्वतःच्याच निरुत्तरपणातून पार होऊन आली आहे, हेही तो सांगतो. म्हणून त्याची कविता उत्तरोत्तर आखूड आणि कठीण होत गेली. शब्द मोडायचे, त्यांचे नवे समास बांधायचे, आणि सराईत गोडवा जवळ येऊ द्यायचा नाही. १९५९ सालच्या त्याच्या संग्रहाचे नावच ‘श्प्राखगिटर’, म्हणजे ‘भाषेची जाळी’, असे आहे. जाळीतून दिसते, बोलता येते, पण पलीकडे जाता येत नाही. याच १९५९ सालापासून १९७० साली सेन नदीत जीव देईपर्यंत, हा कवी पोटासाठी पॅरिसच्या एकोल नॉर्माल सुपेरिअर या नामांकित संस्थेत फ्रेंच विद्यार्थ्यांना वरच्या श्रेणीचे जर्मन शिकवीत होता. त्याच्यापुढे बसलेल्या मुलांना ती भाषा म्हणजे परीक्षेचा विषय होती. शिकवणाऱ्याला ती काय होती, हे त्यांतल्या किती जणांना उमगले असेल?

काव्यात दोन भाषा नांदू शकत नाहीत, असे त्सेलानचे मत होते. या एका बाबतीत मी त्याच्याशी सहमत नाही. त्याच्या स्वतःच्या बाबतीत ते खरे असेल, पण तो सर्वांना लागू होणारा नियम नव्हे. आपल्या अरुण कोलटकरांनी मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत अस्सल कविता लिहिली. ‘भिजकी वही’ आणि ‘जेजुरी’ या दोहोंपैकी एक खरी आणि दुसरी उसनी, असे कोणी म्हणू धजणार नाही. त्सेलानला दुसरी भाषा नको होती, कारण दुसऱ्या कोणत्याही भाषेत त्याची आई त्याच्याशी बोललेली नव्हती.

यानंतर एमिने सेवगी ओझदामार या लेखिकेकडे वळले की वातावरण एकदम बदलते. १९४६ साली तुर्कस्तानात मालात्या येथे ती जन्मली. १९६५ साली कारखान्यातली मजूर म्हणून पश्चिम बर्लिनला आली, तेव्हा तिला जर्मनचा एक शब्द येत नव्हता. तिच्या एका कादंबरीतली नायिका वृत्तपत्रांचे मथळे अर्थ न कळताच पाठ करते आणि कोणी काही विचारले की तेच म्हणून दाखवते! कानेटीच्या पाठांतराशेजारी हे पाठांतर ठेवून पाहावे. तेथे वाक्य म्हणवून घेणारी आई होती. येथे कोणीच नाही, नुसता छापील कागद. म्हणून कानेटीच्या हकिकतीत भीती आहे, आणि येथे हसू आहे, पण ते एकटेपणाचे हसू आहे.

१९९० साली तिचे ‘मुटरत्सुंगे’ हे पुस्तक आले. मातृभाषेला जर्मनमध्ये ‘मुटरश्प्राखे’ असा सरळ शब्द आहे. तो टाळून तिने ‘आईची जीभ’ असा शब्द योजला, कारण तुर्कीत ‘दिल’ या एकाच शब्दाचे जीभ आणि भाषा असे दोन्ही अर्थ होतात. तुर्कीत एक म्हण आहे की, जिभेला हाड नसते. मराठीतही ती जशीच्या तशी आहे. आपण ती वाटेल ते बरळणाऱ्याला उद्देशून वापरतो. ओझदामारने तिच्यातून वेगळाच अर्थ काढला. हाड नाही म्हणून तर जीभ वळवावी तिकडे वळते, दुसरी भाषा बोलू शकते. त्या पुस्तकातली निवेदिका आपण आईची जीभ नेमकी केव्हा हरवली हे आठवू पाहते. आईची वाक्ये तिला आठवतात, पण ती चांगल्या शिकलेल्या परक्या भाषेतल्यासारखी ऐकू येतात. आपलेपणा जाणवतो तो केवळ आईचा आवाज मनात आणला म्हणजेच. मला वाटते, या साऱ्या चर्चेतले मर्म या एका निरीक्षणात आले आहे. वाक्य परके झाले, आवाज झाला नाही.

मग ती निवेदिका काय करते? बर्लिनमध्ये एका गुरूकडे अरबी शिकू लागते. कारण तुर्कस्तानात १९२८ साली अरबी लिपी जाऊन रोमन लिपी आली. आजोबांचे लिहिलेले नातीला वाचता येईना, नातीचे आजोबांना. आईच्या जिभेकडे जाण्याचा रस्ता म्हणून ती आजोबांच्या लिपीकडे जाते. मराठी वाचकाला हे समजायला टीपेची गरज पडू नये. कितीतरी घरांत माळ्यावरच्या पेटीत मोडीतली कागदपत्रे पडून आहेत. भाषा आपलीच, अक्षर आजोबांचे किंवा पणजोबांचे, आणि आपण त्या कागदापुढे निरक्षर! आपली मातृभाषा आपल्याला संपूर्ण मिळाली आहे या समजुतीला एवढा एक कागद पुरेसा धक्का देतो.

ओझदामारच्या शैलीविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. ती तुर्की वाक्प्रचार शब्दशः जर्मनमध्ये आणते, आणि वाचकाला ते आधी चुकल्यासारखे वाटतात. काहींना त्यात पूर्वेकडची गंमत दिसते. मला तो मोठा गैरसमज वाटतो. ती चूक नाही, आणि गंमतही नाही. आईचा आवाज जर्मन वाक्यात आणून बसवण्याचा तो प्रयत्न आहे. मात्र सर्वच ठिकाणी तो साधतो असे नाही. कधी कधी प्रतिमांची इतकी गर्दी होते की आवाज हरवतो आणि नुसता रंग उरतो. जर्मनीत फार वर्षे अशा लेखकांसाठी एक वेगळे पारितोषिक होते. फ्रान्समध्ये जन्मून जर्मन कवी झालेल्या आडेलबेर्ट फॉन शामिसोच्या नावाने ते १९८५ पासून देत असत, आणि १९९९ साली ते ओझदामारलाही मिळाले. सन्मानच तो, पण पंगतीत वेगळे पान मांडावे तसा. २०१७ साली ते बंद झाले. २०२२ साली तिला जर्मन साहित्यातले मानाचे ब्यूख्नर पारितोषिक मिळाले, जे १९६० साली त्सेलानला आणि १९७२ साली कानेटीला मिळाले होते. आता पंगत एकच झाली, असे म्हणायला हरकत नाही.

असे दाखले आपल्या जवळही आहेत, फक्त आपण त्यांच्याकडे या दृष्टीने पाहत नाही. धारवाडचे द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. ते झाले कन्नडचे महाकवी, आणि १९७३ सालचे ज्ञानपीठ पारितोषिक त्यांना ‘नाकु तंति’ या कन्नड काव्यसंग्रहासाठी मिळाले. गल्लीतली, सवंगड्यांची, साऱ्या मुलुखाची भाषा त्यांनी काव्यासाठी पत्करली. पण कवितेखाली सही कोणती केली? ‘अंबिकातनयदत्त’, म्हणजे अंबिकेचा मुलगा दत्त. आईची भाषा कवितेत आली नाही, तर आईच कवितेच्या खाली येऊन उभी राहिली! बेंद्रे मराठीला अंतरले म्हणून हळहळणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी ही सही एकदा नीट वाचावी.

आता पहिल्या चार विधानांचे काय उरले ते पाहू. मातृभाषा जन्मतःच मिळते हे कानेटीने खोटे पाडले. ती रक्तात असते म्हणून पवित्र असते, हे क्लेम्पररच्या टिपणांपुढे टिकत नाही. माणसाचा ‘मी’ तिच्यात घडतो हे खरे, पण ती भाषा आहे एवढ्यानेच तो घडत नाही. त्या भाषेत आपल्याला कोणी हाक मारली, कोणी रागावले, कोणी ओळखले, यावर ते अवलंबून असते. काफ्काला भाषा होती, पण हाकेचा शब्द नव्हता, आणि तेवढ्याने तो जन्मभर उपरा राहिला. परकी भाषा अंगरख्यासारखी वरचीच राहते, हेही नेहमीच खरे नाही. तिच्यात आपले माणूस मिळेपर्यंतच ती वरची राहते.

याचा आपल्या घराशी संबंध आहे. आज मराठी मुलेमुली म्युनिक, स्टुटगार्ट, बर्लिन अशा शहरांत संसार थाटून आहेत. तेथे जन्मलेली नातवंडे दिवाळीला आजीशी बोलतात तेव्हा त्यांचे मराठी अडखळते, आणि मध्येच एखादा जर्मन शब्द येतो. आपल्याला वाईट वाटते. वाटावेच. पण त्यावर आपण जो उपाय करतो, म्हणजे मातृभाषेच्या थोरवीचे व्याख्यान देतो, त्याचा काही उपयोग होत नाही. लोझानच्या त्या उन्हाळ्यात त्या बाईने मुलाला जर्मनची थोरवी सांगितली नाही. तिला त्या भाषेत त्याच्याशी बोलायचेच होते, अगदी निकडीने बोलायचे होते. तिची रीत कठोर होती, ती कोणी उचलू नये. पण ती निकड मात्र आपल्यापाशी आहे काय, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. नातवंडाशी मराठीत बोलण्यासारखे आपल्यापाशी काही असेल, तर त्याचे अडखळणे फार दिवस टिकणार नाही.

आणि जे जर्मनच्या वरच्या पायऱ्यांवर पोचले आहेत, त्यांनी निबंधाच्या पुस्तकाबरोबर कानेटीचे ते आत्मचरित्रही हाताशी घ्यावे. भाषा सोपी आहे, वाक्ये स्वच्छ आहेत. ओझदामार त्यानंतर, आणि त्सेलान सर्वांत शेवटी, तोही एका वेळी एकच कविता, आणि शक्य तर मोठ्याने.